गोळी स्वस्त, खात्री महाग

*माणसांचं आणि पाळीव प्राण्यांचं आयुष्य वाढवू शकेल अशा औषधांमध्ये सध्या सर्वांत जास्त चर्चा रापामायसिनची आहे. ते शरीरात काय करतं, पुरावा कुठवर पोचला आहे आणि खर्च नेमका कशावर होतो, याचा हा हिशेब.*

एका घरात एकाच वर्षी बाळ जन्मतं आणि लॅब्राडोरचं पिल्लू येतं. बारा वर्षांनी मूल सातवीत असतं. लॅब्राडोर मात्र जिन्यात दोनदा थांबतो, त्याच्या तोंडावरचे केस पांढरे झालेले असतात आणि डोळ्यांवर दुधाळ झाक आलेली असते. दोघं एकाच हवेत वाढले, एकाच नळाचं पाणी प्यायले. मग एक म्हातारा कसा झाला आणि दुसरा अजून वाढतोच कसा आहे?

कोडं इथेच संपत नाही. हत्ती उंदरापेक्षा खूप जास्त जगतो. प्राणी जितका मोठा तितकं आयुष्य लांब, असा सस्तन प्राण्यांचा ढोबळ नियम आहे. कुत्र्यांच्या जातींमध्ये तो उलटा होतो. चिवावा चौदा-पंधरा वर्षं सहज जगतो, तर ग्रेट डेन आठ-नऊ वर्षांत संपतो. कुत्र्यांच्या ७४ जातींचा अभ्यास करून २०१३ मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा वजनातल्या दर दोन किलोंमागे आयुष्य साधारण एका महिन्यानं कमी होताना दिसलं.

म्हणजे म्हातारं होण्याचा वेग सगळ्यांना सारखा नेमून दिलेला नाही. शरीराच्या आतल्या कुठल्या तरी व्यवस्थेवर तो अवलंबून आहे. मग त्या व्यवस्थेत ढवळाढवळ करता येईल का, हा प्रश्न आपसूक येतो. त्याचं सर्वांत भक्कम उत्तर आजवर सापडलं ते एका दूरच्या बेटावरच्या मातीत.

### रापा नुईची माती

प्रशांत महासागरातलं ईस्टर बेट तिथल्या प्रचंड दगडी पुतळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. १९६४ च्या अखेरीस कॅनडातून एक वैद्यकीय मोहीम बेटावर गेली आणि परतताना तिने इतर नमुन्यांबरोबर तिथली मातीही आणली. माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या मातीतल्या जिवाणूंचा शोध सुरू झाला. तिथे सुरेंद्रनाथ सेहगल हे शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांचा जन्म अखंड भारतातल्या पंजाबात, खुशाब इथला. शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात आणि पुढे इंग्लंडमध्ये. मातीतल्या एका जिवाणूनं बनवलेला बुरशीनाशक पदार्थ त्यांच्या गटानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळा काढला. बेटाच्या नावावरून त्याचं नाव पडलं रापामायसिन.

बुरशीवरचं मलम म्हणून ते बाजारात आलं नाही, कारण ते रोगप्रतिकारशक्ती दाबतं असं लक्षात आलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीनं माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि हा प्रकल्पही गुंडाळला. सेहगल यांनी जिवाणूंचे नमुने फेकले नाहीत. ते घरच्या फ्रीजरमध्ये ठेवले आणि न्यू जर्सीला जाताना सोबत नेले. पुढे कंपनीचं व्यवस्थापन बदलल्यावर त्यांनी काम पुन्हा सुरू करायला लावलं. ज्या गुणामुळे औषध मागे पडलं होतं, तोच कामाला आला. दुसऱ्याची किडनी बसवल्यावर शरीर ती परकी म्हणून नाकारतं आणि तो विरोध दाबावा लागतो. त्यासाठी १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, रापामायसिनला मान्यता दिली. औषधाच्या दुकानात ते सिरोलिमस या नावानं ओळखलं जातं. भारतीय कंपन्याही ते बनवतात.

### पेशीतला मुकादम

प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आयुष्य कसं वाढवेल? याचं उत्तर यीस्टमध्ये सापडलं. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासल इथे मायकेल हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रापामायसिन यीस्टच्या पेशीत कुठे जाऊन बसतं ते शोधलं. तिथे असलेल्या प्रथिनाला ‘टॉर’ हे नाव मिळालं. काही वर्षांतच माणसासह सस्तन प्राण्यांमध्येही ते सापडलं. त्याला एमटॉर म्हणतात.

हे प्रथिन बांधकामावरच्या मुकादमासारखं वागतं. साइटवर विटा, वाळू, सिमेंट आलं की मुकादम ओरडतो, ‘चला, भिंत उचला!’ पेशीच्या बाबतीत हा माल म्हणजे प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, आणि ऊर्जा. माल आल्याची वर्दी इन्सुलिन आणि त्याच्यासारखं एक वाढीचं संप्रेरक, आयजीएफ-१, देतात. वर्दी मिळाली की मुकादम पेशीला नवी प्रथिनं बनवायला, मोठं व्हायला, विभागायला लावतो.

माल येणं थांबलं तर? मग मजुरांना साफसफाईला वेळ मिळतो. पडलेला राडारोडा उचलायचा, जुन्या विटा तासून पुन्हा वापरायच्या. पेशीही हेच करते. खराब झालेली प्रथिनं आणि मोडकळीला आलेले भाग ती स्वतःच विरघळवते आणि त्यातून नवा कच्चा माल मिळवते. या क्रियेला स्वभक्षण म्हणतात. तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

वाढीच्या वयात हा मुकादम हवाच. अडचण अशी, की इमारत पुरी झाली तरी तो ओरडायचं थांबवत नाही. पन्नाशी-साठीतही पेशीवर ‘बांधा, बांधा’ असा दबाव राहतो आणि राडारोडा साठत जातो. रापामायसिन मुकादमाला हाकलत नाही. पेशीतल्या एका लहान प्रथिनाला सोबत घेऊन ते त्याचं तोंड काही काळ बंद करतं. शरीराला वाटतं, माल कमी आहे. मग सफाई सुरू होते.

सुरुवातीच्या कोड्याचा एक धागाही इथेच सापडतो. लहान आकाराच्या कुत्र्यांमध्ये आयजीएफ-१ च्या जनुकाचं एक वेगळं रूप आढळतं, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. मोठ्या जातींच्या कुत्र्यांच्या रक्तात हे संप्रेरक जास्त असतं. ग्रेट डेनच्या पेशींमध्ये मुकादमाला सतत आणि मोठ्यानं वर्दी मिळते. तो झपाट्यानं वाढतो आणि झपाट्यानं झिजतो.

### म्हाताऱ्या उंदरांचा धडा

२००९ मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी केलेल्या प्रयोगाचा निकाल आला. तो प्रयोग खरं तर तरुण उंदरांवर व्हायचा होता. पण रापामायसिन फार नाजूक आहे. खाद्यात मिसळलं की ते टिकत नव्हतं आणि पोटात नासत होतं. त्यावर आवरण चढवण्याची पद्धत बसवेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे झाले, म्हणजे माणसाच्या हिशेबानं साठीला पोचले. तसेच पुढे जायचं ठरलं.

निकालानं सगळे चकित झाले. नव्वद टक्के उंदीर मरून गेलेले असतात ते वय माद्यांमध्ये १४ टक्क्यांनी आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी पुढे गेलं. उतारवयात सुरू केलेल्या औषधानं सस्तन प्राण्याचं आयुष्य वाढलं होतं. पुढे जास्त मात्रेवर सरासरी आयुष्य २३ ते २६ टक्के वाढल्याचंही दिसलं. या बाबतीत दुसऱ्या कुठल्याही औषधाचा पुरावा इतका पक्का नाही.

पण रापामायसिन दिलेल्या उंदरांमध्ये मोतीबिंदू वाढले आणि नरांची वृषणं सुकली. शिवाय प्रयोगशाळेतला उंदीर रोगजंतूंपासून जपलेल्या पिंजऱ्यात राहतो. त्याला ना लोकलची गर्दी, ना डासांचा पावसाळा. प्रतिकारशक्ती थोडी कमी झाली तरी त्याचं निभावतं.

### आठवड्यातून एकदाच का?

किडनी बदललेला रुग्ण हे औषध रोज घेतो. दीर्घायुष्यासाठी घेणारे बहुतेक जण आठवड्यातून एकदा घेतात. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

आपल्या मुकादमाच्या हाताखाली दोन टोळ्या असतात. पहिली वाढीचं काम बघते. तिला गप्प करणं हाच आपला हेतू असतो. दुसरी टोळी साखरेचं नियमन आणि पेशीचा सांगाडा सांभाळते. तिला धक्का लागू नये असं वाटतं. रापामायसिन पहिल्या टोळीला लगेच थांबवतं; दुसरी सहसा तेव्हाच विस्कळीत होते, जेव्हा औषध सतत अंगात असतं. मग रक्तातली साखर वाढू लागते.

माणसाच्या रक्तातलं सिरोलिमस निम्मं व्हायला साधारण ६२ तास लागतात. आठवड्याचे १६८ तास उलटले की जेमतेम १५ टक्के उरतं. पहिली टोळी काही दिवस थांबावी आणि दुसरीला सावरायला अवधी मिळावा, असा या अंतरामागचा तर्क आहे. तर्क सुसंगत आहे, पण माणसाच्या आयुष्यावर तो अजून पारखलेला नाही.

### माणसांमधला पुरावा

माणसाला रापामायसिन दिल्यानं तो जास्त जगतो असं दाखवणारा एकही प्रयोग आज नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे.

२०१४ मध्ये वयस्कर लोकांना रापामायसिनचा जवळचा नातलग असलेलं एव्हरोलिमस कमी मात्रेत दिलं गेलं, तेव्हा फ्लूच्या लशीला त्यांचा प्रतिसाद साधारण २० टक्के सुधारला. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कमी मात्रेत तिला हातभार लावतं, हे नवल होतं. पण २०१९ मध्ये त्याच वाटेवरच्या दुसऱ्या एका औषधाची मोठी चाचणी फसली. श्वसनाचे आजार कमी करण्याची अपेक्षा त्यानं पूर्ण केली नाही.

२०२५ मध्ये ‘पर्ल’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वय ५० ते ८५. आठवड्याला ५ मिलिग्रॅम, १० मिलिग्रॅम किंवा औषध नसलेली दिखाऊ गोळी, असे तीन गट. मुदत ४८ आठवडे. शेवटपर्यंत टिकले ११४ जण. पोटातली चरबी कमी होईल ही मुख्य अपेक्षा फोल ठरली. १० मिलिग्रॅम घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मात्र स्नायूंचं वजन वाढलं आणि वेदना कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं. गंभीर दुष्परिणाम दिखाऊ गोळीच्या गटापेक्षा जास्त नव्हते.

या चाचणीतून आणखी एक गोष्ट कळली आणि खिशाच्या दृष्टीनं तीच सर्वांत महत्त्वाची आहे. चाचणीत फार्मसीनं स्वतः भरलेल्या कॅप्सूल वापरल्या होत्या. नंतर तपासल्यावर कळलं, की कंपनीच्या गोळीच्या तुलनेत त्यातलं औषध साधारण एक-तृतीयांशच रक्तात पोचतं. म्हणजे कागदावरचे १० मिलिग्रॅम प्रत्यक्षात तीन मिलिग्रॅमच्या आसपासच होते. उंदरांच्या खाद्यात आलेली अडचण इथे पुन्हा उभी राहिली. हे औषध कसं बांधलं आहे, त्यावर ते किती लागू पडेल हे ठरतं. गोळी फोडू नये, चावू नये, अशी कंपनीची सूचना असते ती त्यासाठीच.

स्वतःवर प्रयोग करणाऱ्यांमध्ये अमेरिकेतले उद्योजक ब्रायन जॉन्सन सर्वांत प्रसिद्ध. सुमारे पाच वर्षं घेतल्यावर २०२४ मध्ये त्यांनी रापामायसिन बंद केलं. त्वचेचे संसर्ग, रक्तातली चरबी आणि साखर वाढणं, विश्रांतीतही हृदयाचे ठोके वाढणं, ही कारणं त्यांनी जाहीर केली. एका माणसाच्या अनुभवावरून औषध वाईट ठरत नाही. दुसऱ्या कुणाचे गुडघे बरे झाले म्हणून ते चांगलंही ठरत नाही.

### कुत्रा मधल्या पायरीवर

उंदीर आपल्यापासून फार दूर आहे. माणसावर आयुष्यभराचा प्रयोग करायचा तर करणारा शास्त्रज्ञच आधी निवृत्त होईल. कुत्रा या दोघांच्या मध्ये उभा आहे. तो आपल्याच घरात राहतो, आपली हवा घेतो, आपल्यासारखेच आजार अंगावर घेतो, आणि सात वर्षांत म्हातारपणाकडे झुकतो.

म्हणून अमेरिकेत ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’ उभा राहिला. सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठ त्यात पुढाकार घेतात. २०१७ मध्ये २४ पाळीव कुत्र्यांवर दहा आठवड्यांचा छोटा प्रयोग झाला. त्यात हृदयाच्या कामात किंचित सुधारणा दिसली आणि ठळक दुष्परिणाम दिसले नाहीत. त्यावरून मोठी चाचणी आखली गेली. तिचं नाव ‘ट्रायड’. तिच्यात ५८० कुत्र्यांचं लक्ष्य आहे. वय किमान सात वर्षं, वजन साधारण २० ते ५० किलो. वर्षभर आठवड्यातून एकदा औषध किंवा दिखाऊ गोळी आणि त्यापुढे दोन वर्षं देखरेख. मालकाला आणि डॉक्टरला कुणाला काय मिळतंय ते सांगितलं जात नाही. सरकारी निधी आटल्यामुळे ही चाचणी मध्यंतरी अडचणीत आली होती. पुढे सुमारे ७० लाख डॉलरचं नवं अनुदान मिळालं.

दुसरीकडे सॅन फ्रान्सिस्कोची ‘लॉयल’ ही कंपनी कुत्र्यांसाठी तीन औषधांवर काम करते. त्यातलं एक इंजेक्शन मोठ्या जातींमधलं जादा आयजीएफ-१ कमी करण्यासाठी आहे. दुसरी रोजची गोळी दहा वर्षांवरच्या कुत्र्यांसाठी आहे आणि तिच्या चाचणीत १३०० कुत्र्यांची नोंद झाली आहे. एफडीएनं या दोन्हींबद्दल ‘परिणाम होईल असं मानायला वाजवी आधार आहे’ असं कळवलं आहे, एकाबद्दल २०२३ मध्ये आणि दुसऱ्याबद्दल २०२५ मध्ये. हे मंजुरीचं पत्र नाही. सुरक्षितता आणि उत्पादनाचा दर्जाही सिद्ध झाला, तर सशर्त मंजुरी मिळते. ती एका वर्षाची असते आणि जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येते. त्या काळात पूर्ण पुरावा आणायचा, नाहीतर औषध बाजारातून जातं.

### मांजराला मिळालेली परवानगी

पाळीव प्राण्यांत रापामायसिनचा पहिला अधिकृत मान मांजरानं पटकावला. मांजरांमध्ये हृदयाची भिंत जाड होण्याचा एक आजार बराच आढळतो. लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ४३ मांजरांवरच्या चाचणीत आठवड्यातून एकदा कमी मात्रेत सिरोलिमस दिल्यावर भिंतीची जाडी सहा महिन्यांत आटोक्यात राहिली. मार्च २०२५ मध्ये एफडीएनं मांजरांसाठी बनवलेल्या सिरोलिमसच्या खास गोळीला सशर्त मंजुरी दिली. लक्षणं दिसण्याआधीच्या टप्प्यातच ती द्यायची आहे.

ही मंजुरी आजारासाठी आहे, आयुष्य वाढवण्यासाठी नाही. औषधांच्या कायद्यात हा फरक फार मोठा आहे. वार्धक्य हा आजार मानला जात नाही, म्हणून वार्धक्यावरचं औषध म्हणून कशाला मान्यताही मिळत नाही. मान्यता नाही म्हणून विमा कंपनी पैसे देत नाही.

### खिशाचा हिशेब

आता पैशांकडे येऊ. समजा, १ मिलिग्रॅम सिरोलिमसला १०० रुपये पडतात. हा आकडा फक्त हिशेबासाठी धरला आहे. तुमच्या दुकानातला दर घालून पुढचे आकडे बदलून घ्या.

आठवड्याला ६ मिलिग्रॅम घेणाऱ्या माणसाला वर्षाला ३१२ मिलिग्रॅम लागतात. खर्च ३१,२०० रुपये. ट्रायड चाचणीतली मात्रा किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम आहे. त्या हिशेबानं ३० किलोच्या लॅब्राडोरला आठवड्याला साडेचार मिलिग्रॅम, वर्षाला २३४ मिलिग्रॅम, म्हणजे २३,४०० रुपये. सत्तर किलोच्या मालकाच्या पाऊणपट औषध तीस किलोचा कुत्रा खातो. प्राणी बदलला की वजनाच्या साध्या त्रैराशिकानं मात्रा ठरत नाही. उंदरांना तर दर किलोमागे रोज सव्वादोन मिलिग्रॅम दिलं होतं. ‘माझ्या गोळीचा अर्धा तुकडा मोत्याला’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

गोळीचा खर्च इथे संपतो आणि दुसरा सुरू होतो. रक्तातल्या पेशी, साखर, चरबी, किडनी, यकृत, लघवीतलं प्रथिन यांच्या तपासण्या दर काही महिन्यांनी कराव्या लागतात. रक्तात औषध किती पोचलं ते मोजायचं तर त्याची वेगळी चाचणी. कुत्र्याच्या बाबतीत यात पशुवैद्याच्या भेटी आणि हृदयाची सोनोग्राफी मिळवा. तपासणी टाळली की खर्च कमी होतो, पण औषध हित करतंय की नुकसान हे कळायचा एकमेव मार्गही बंद होतो.

तिसरा खर्च तुम्ही-आम्ही एकट्यानं करू शकत नाही: खात्रीचा. रापामायसिनच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. कुणीही ते बनवू शकतं, म्हणून ते स्वस्त झालं. आणि कुणीही बनवू शकतं म्हणूनच हजारो माणसांवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या चाचणीचे पैसे घालायला कुठली कंपनी तयार नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचंही असंच झालं. ६५ ते ७९ वयाच्या ३००० लोकांवर त्याची वार्धक्यासाठी चाचणी घ्यायची योजना अमेरिकेत आखली गेली आणि निधीवाचून वर्षानुवर्षं रखडली. पर्ल चाचणीला सर्वसामान्यांच्या वर्गणीचा हातभार लागला तो यामुळेच. नव्या आणि पेटंट असलेल्या औषधासाठी पैसे मिळतात, पण ते बाजारात महाग येतं. जुनं औषध बाजारात स्वस्त मिळतं, पण त्याबद्दलची खात्री कुणी विकत घेत नाही.

### आपल्याकडे जास्तीची सावधगिरी

अमेरिकेतला सल्ला जसाच्या तसा इथे लागू करता येत नाही.

क्षय. आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधानं ते जागे होऊ शकतात. क्षयावरचं रिफाम्पिसिन सिरोलिमसची रक्तातली पातळी खूप खाली आणतं.

साखर आणि चरबी. दोन्ही वाढण्याची शक्यता असते. घरात मधुमेहाचा इतिहास असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

इतर औषधं. बुरशीवरच्या इट्राकोनॅझोल, किटोकोनॅझोल या गोळ्या आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सिरोलिमसची पातळी धोकादायक वाढवतात. गजकर्णावर दुकानातून परस्पर आणलेली गोळीही यात येऊ शकते. ग्रेपफ्रूटही असंच करतं, आणि पपनस त्याच कुळातलं.

जखमा. जखम भरायला वेळ लागतो. ऑपरेशन, दात काढणं, कुत्र्याची नसबंदी यांआधी डॉक्टरांना औषधाची कल्पना द्यायलाच हवी. तोंड येणं हा तर नेहमीचा त्रास.

लशी. हे औषध घेणाऱ्या माणसांनी जिवंत विषाणूंच्या लशी टाळाव्यात अशी सूचना असते. कुत्र्यांच्या डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लशींत कमजोर केलेले जिवंत विषाणूच असतात. तेव्हा पशुवैद्यापासून काहीही लपवू नका.

देशी कुत्री. आपली कित्येक गावठी कुत्री वीस किलोंच्या आतली असतात. ट्रायडचा निकाल चांगला आला, तरी तो मोठ्या कुत्र्यांपुरताच असेल.

> थोडक्यात
>
> • रापामायसिन पेशीतल्या एमटॉर या प्रथिनाला काही काळ थांबवतं. वाढ मंदावते, सफाई वाढते.
>
> • उंदरांचं आयुष्य वाढल्याचा पुरावा पक्का आहे. माणूस आणि कुत्रा यांच्याबद्दल तसा पुरावा अजून नाही.
>
> • मांजरांच्या हृदयाच्या एका आजारासाठी अमेरिकेत सशर्त मंजुरी आहे.
>
> • फार्मसीत भरलेली कॅप्सूल आणि कंपनीची गोळी यांतल्या मिलिग्रॅमची तुलना करू नका.
>
> • गोळीइतकाच खर्च तपासण्यांचा धरा. तपासण्या परवडत नसतील, तर औषधही परवडत नाही.

### मग आज काय करायचं?

कुत्र्याचं आयुष्य वाढवण्याचा एक उपाय मात्र आयुष्यभराच्या प्रयोगात उतरला आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांच्या जोड्या लावून चौदा वर्षं त्यांचा अभ्यास झाला. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं दिलं गेलं. २००२ मध्ये निकाल जाहीर झाला: कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, दुसरे ११.२ वर्षं. पावणेदोन वर्षांहून जास्त फरक, शिवाय सांधेदुखी उशिरा सुरू झाली. कमी माल आला, मुकादम गप्प बसला आणि सफाईला वेळ मिळाला, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्यांना किडनी बदलल्यामुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे डॉक्टरांनी सिरोलिमस दिलं आहे, त्यांनी ते नेमानं घ्यावं. निरोगी माणसानं केवळ दीर्घायुष्यासाठी ते स्वतःच्या मनानं सुरू करू नये, आणि बोलता न येणाऱ्या प्राण्याला तर मुळीच देऊ नये. तोंडात फोड आला, भूक मेली, हे तो सांगू शकणार नाही. ट्रायडचे निकाल येईपर्यंत थांबण्यात फारसं काही जात नाही. तोवर तुमच्या कुत्र्याच्या बरगड्या बोटांना सहज लागतात का ते बघा. लागत नसतील, तर जेवताना टेबलाखाली सरकवली जाणारी पोळी आजपासून बंद करा.